पेटीतला एक

मागच्या मे महिन्यातला एक रविवार. सकाळच्या एसटीने मी कणकवलीहून माहेरी गेले होते. आप्पा मांगराच्या पडवीत आढीजवळ बसले होते. वरचा पेंढा बाजूला सारायचा, एकेक फळ उचलून देठाजवळ अंगठ्याने हलकं चाचपायचं, नाकाशी न्यायचं, आणि मग ते पेटीत घालायचं की परत पेंढ्यात ठेवायचं ते ठरवायचं. इतक्यात फोन वाजला. त्यांचे हात पेंढ्याच्या कुसाने भरलेले, म्हणून मीच उचलून स्पीकरवर टाकला. पुण्याचं गिऱ्हाईक होतं, त्या वर्षी नवीन लागलेलं. "काका, तुमचे सगळे आंबे खराब निघाले." आप्पांनी हातातलं फळ खाली ठेवलं. "सगळे?" "सगळेच. कापलं की आत पांढरं." "किती कापलात तुम्ही?" "तीन." "तिन्ही तसेच?" पलीकडे जरा शांतता झाली आणि मागून बाईंचा आवाज आला, "अहो, एकच होता तसा. बाकीचे बरे होते." पुढे दोन-चार वाक्यं झाली, आप्पांनी पैसे परत करतो म्हणून सांगितलं आणि फोन बंद झाला.

माझ्या अंगातली मास्तरीण लगेच जागी झाली. म्हटलं, आप्पा, सगळे काय म्हणतो तो? एक निघाला. "सगळे चांगले" हे खोटं ठरलं म्हणून "सगळे खराब" हे खरं होत नाही. हे मी बारावीच्या पोरांना दरवर्षी शिकवते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेंढा सारखा करत म्हणाले, "आणि मी तेका काय सांगलंय? एकय आंबो साक्याचो निघूचो नाय म्हणान. मगे, निघालो मा एक? झालो माझो शबुद खोटो."

मला काही बोलता येईना. मी शिकवते त्या विषयाप्रमाणे त्यांचंच बरोबर होतं.

ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात राहिलं. मी आप्पांची बाजू घ्यायला गेले आणि माझं तर्कशास्त्र त्यांच्या विरुद्ध जाऊन बसलं. गिऱ्हाईक चुकीचं बोललं हे खरं, पण त्याच्या हातात एक आंबा होता आणि तो एक पुरेसा होता. बोलणाऱ्याने "एकही नाही" म्हटलं की समोरच्याला फक्त एक दाखवायचा असतो. पाच डझनांच्या पेटीतले एकोणसाठ सोन्यासारखे निघाले तरी त्या एकाचं काही होत नाही.

साका, म्हणजे आंब्याचा गर आतून बिघडण्याचा हा दोष, बाहेरून कळत नाही, हे इकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साल तीच, रंग तोच, वासही तोच. देठाजवळचे खांदे भरलेले, फळ पाण्यात टाकलं तर तयार आंब्यासारखं बुडणारं. सुरी आत गेली की कोयीजवळ ती जरा वेगळी लागते, गर कापल्यासारखी न वाटता भिजलेल्या कापसातून गेल्यासारखी. फाक उघडली की केशरी गराच्या मधोमध फिकट पिवळसर, पांढुरका, भुसभुशीत पट्टा. चव आंबूस. आप्पांनी यावर बरेच उपाय केले. कातळाची धग वर येते तिचा याच्याशी संबंध आहे, असं कृषीवाल्यांनी सांगितलं म्हणून झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं. फळ फार पक्व होईपर्यंत झाडावर ठेवायचं नाही, म्हणून काढणी आधी घेतली. साका कमी झाला. "कमी" आणि "एकही नाही" यांत मात्र मोठा ओढा आहे, आणि त्यावर साकव नाही. सगळे आंबे चांगले आहेत हे पक्कं करायचं तर सगळे कापायला हवेत, आणि कापल्यावर पाठवायचं काय?

बारावीच्या गणितात पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं आहे. जून महिना, बाहेर पाऊस धोधो, वर्गात ओल्या दप्तरांचा कुबट वास, आणि फळ्यावर मी उलटा ए आणि उलटी ई काढते. उलटा ए म्हणजे "प्रत्येकासाठी", उलटी ई म्हणजे "असा एक तरी आहे". पुस्तकात त्यांना क्वांटिफायर म्हणतात. मुलं चिन्हं पटकन उचलतात. नकाराचा नियमही पाठ करतात: आत नकार सारायचा आणि ए ची ई, ई चा ए करायचा. चिन्हांत दिलं की उत्तर बरोबर येतं. शब्दांत दिलं की घोटाळा. "सर्व विद्यार्थी हुशार आहेत" याचा नकार लिहा म्हटलं की वह्यांमधून दरवर्षी तेच येतं: "एकही विद्यार्थी हुशार नाही." मी लाल पेनाने खाली लिहिते, "हुशार नाही असा एक तरी विद्यार्थी आहे." पुढच्या चाचणीत तेच पुन्हा.

पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाटतं, मुलं तर्कात कमी पडत नाहीत, ती घरी जे ऐकतात तेच लिहितात. "तू माझं कधीच ऐकत नाहीस." "ह्या घरात माझी कोणाला किंमत नाही." एकदा दुखावलेलं माणूस एकावर थांबत नाही. एक आंबा आत पांढरा निघाला की अख्खी पेटी नासकी होते, आणि ते बोलताना त्या माणसाला आपण खोटं बोलतोय असं मुळीच वाटत नसतं. आता एखाद्या मुलाने हे चुकवलं की मी त्याला पेटीकडेच नेते. पाच डझनांची पेटी, त्यात एकोणसाठ चांगले, एक साक्याचा. "सगळे चांगले" हे खरं का? नाही. "सगळे खराब" हे खरं का? तेही नाही. मग एकाच पेटीत दोन्ही खोटी ठरणारी वाक्यं एकमेकांचा नकार कशी असतील? नकार असा हवा की एक खोटं पडलं की दुसरं खरं ठरलंच पाहिजे. आंब्यांवर घातलं की मागच्या बाकापर्यंत समजतं. इथे प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी पेट्या भरतं.

मग मी भाषेकडे वळते, कारण अर्धा घोटाळा तिथे आहे. "सगळे आंबे चांगले नाहीत." याचा अर्थ काय? काही चांगले नाहीत, की एकही चांगला नाही? वर्गात हात वर करायला सांगितलं की दोन्ही बाजूंना हात येतात, आणि दोन्ही बाजू बरोबर असतात. मला तर वाटतं, त्या दिवशी पुण्यातही हेच झालं असावं. बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या असतील, "हे सगळे आंबे काही चांगले नाहीत हो," आणि दिवाणखान्यात पोचेपर्यंत मधला "काही" गळून पडला असेल. एवढासा शब्द. "सगळेच काही चांगले नाहीत" म्हटलं की नकार सरळ "सगळे"वर जाऊन बसतो आणि एखादा खराब असायला जागा होते. "एकही चांगला नाही" म्हटलं की पळवाटच नाही. "एकही" नेहमी नकाराच्या आधाराने उभा राहतो, "एक तरी"ला होकार लागतो. आणि "कोणीही" तर वाऱ्याप्रमाणे शीड फिरवतो: "कोणीही सांगेल" यात सगळे आले, "कोणीही आलं नाही" यात एकसुद्धा नाही. आपल्या बोलण्यात उलटा ए आणि उलटी ई अशी च, ही, तरी, काही यांच्या रूपाने विखुरलेली आहेत, आपण रोज वापरतो आणि कधी थांबून पाहत नाही. "घरोघरी मातीच्या चुली" यातलं ते "घरोघरी" म्हणजेसुद्धा उलटा एच. आता गॅस आलेलं एक घर दाखवलं की म्हण अक्षरशः खोटी पडते, पण ते दाखवायला कोणी जात नाही, आणि जाऊही नये.

या चिन्हांची गोष्ट मला फार आवडते. जर्मनीच्या फ्रेगेने १८७९ मध्ये ही सगळी मांडणी पहिल्यांदा केली, तेव्हा त्याच्याकडे फक्त "सगळे" यासाठी खूण होती. "एक तरी आहे" असं म्हणायचं तर तो दोन नकार वापरायचा: सगळेच्या सगळे तसे नसलेले आहेत, असं नाही. म्हणजे अस्तित्व त्याच्याकडे मागच्या दाराने यायचं. उलटी ई इटलीच्या पेआनोने १८९७ मध्ये आणली, आणि तिच्या जोडीला उलटा ए यायला १९३५ उजाडलं, तो गेन्टझेनचा. अगदी साध्या वाटणाऱ्या दोन शब्दांना धड चिन्ह मिळायला माणसांना एवढी वर्षं लागली. मुलांना हे सांगते तेव्हा ती जरा निर्धास्त होतात.

आपल्याकडेही हा झगडा जुनाच. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात, त्याला व्याप्ती लागते: जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. उलट फिरवलं, जिथे जिथे अग्नी तिथे तिथे धूर, तर ते टिकत नाही, आणि ते पाडायला नैयायिक एकच वस्तू पुढे करतात: तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. आग आहे, धूर नाही. मला यासाठी लोखंडाची गरज पडली नाही. आजीच्या चुलीत रात्री उरलेले निखारे असायचे, वर राखेची पातळ साय, आत लाल. त्यावर ती सुका बांगडा भाजायची. भाजताना वास घरभर, धूर नावाला तो बांगड्याच्या तेलाचा. आणि श्रावणात लाकडं ओली असली की तीच चूल डोळ्यांतून पाणी काढायची. धूर ओल्या सरपणाचा असतो, नुसत्या आगीचा नाही, हेही त्या जुन्या शास्त्रींनी नोंदवून ठेवलंय. चार्वाकांनी मात्र याहून मुळाशी हात घातला. ते म्हणाले, तुम्ही जिथे जिथे म्हणता, पण सगळ्या ठिकाणी तुम्ही गेलात कधी? पाहिल्या त्या चार चुली, आणि बोलता तिन्ही काळांतल्या चुलींबद्दल. आढीतल्या पेंढ्यात हात घालून बसलेल्या आप्पांना हाच प्रश्न लागू होत होता. चार पेट्यांवरून पाचवीचा शब्द कसा द्यायचा?

गणितात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण तिथली पेटी कधी संपतच नाही. मी वर्गात एक खेळ करते. कुठलीही पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, आणि वर एक्केचाळीस मिळवा. शून्यापासून सुरू करू. ४१. पुढे ४३, ४७, ५३, ६१. सगळ्या मूळ संख्या. मुलं बाकाबाकांवर वाटून घेतात, कोणाला बारा, कोणाला सतरा. उत्तरं ओरडून सांगतात आणि भाग जातो का ते ताडून बघतात. जात नाही. एकोणचाळीसला १६०१, तीही मूळ. चाळीस वेळा ओळीने खरं ठरलं. आता वर्गाची खात्री पटलेली असते, हे प्रत्येक संख्येसाठी खरं आहे असं लिहून टाकायला हात शिवशिवत असतात. मग मी चाळीस घालते. १६८१. थोडा वेळ कोणी बोलत नाही, आणि मग कोणीतरी एक, बहुतेक खिडकीजवळचा, हळूच म्हणतो, "बाई, एक्केचाळीस गुणिले एक्केचाळीस." ऑयलरने १७७२ साली या राशीकडे लक्ष वेधलं होतं. चाळीस आंबे सोनं आणि एक्केचाळिसावा कापला की आत पांढरा. मला दर वर्षी ती शांतता हवी असते. तिच्यात मुलांना जे कळतं ते मला बोलून सांगता येत नाही.

त्याच तासाला मी दुसरं वाक्य देते: कुठल्याही पूर्ण संख्येचा वर्ग अधिक तीच संख्या, ही बेरीज नेहमी सम असते. हे तपासत बसावं लागत नाही. ती बेरीज म्हणजे ती संख्या गुणिले तिच्या पुढची संख्या, आणि शेजारशेजारच्या दोघींत एक सम असतेच. झालं. एका ओळीत सगळ्या संख्या आल्या, मी कधी न पाहिलेल्यासुद्धा. इथे "कुठलीही" या शब्दावर मी फार वेळ थांबते. कुठलीही म्हणजे मला आवडलेली नव्हे. समोरचा जी देईल ती, अगदी मुद्दाम खोडी काढायला दिली तरी ती. "प्रत्येक" सिद्ध करणाऱ्याने निवड समोरच्याच्या हातात द्यायची असते. "एक तरी आहे" सिद्ध करताना उलट, आपणच एक निवडून पुढे ठेवायची, आणि बाकीच्यांचं तोंडही बघायचं नाही. नकार दिला की या दोन माणसांच्या जागा बदलतात. मग लक्षात येतं की "सगळे" म्हणणारा केवढं ओझं उचलतोय. गोल्डबाखने १७४२ मध्ये ऑयलरला पत्र लिहिलं, त्यातून निघालेला अंदाज असा की दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. संगणकांनी चारावर अठरा शून्यं इतक्या लांबपर्यंत तपासलं, एकही साक्याची निघाली नाही. तरी गणित अजून शब्द देत नाही.

रिकाम्या पेटीचं तर वेगळंच. जुलैत आमच्या मांगरात रिकामे खोके एकावर एक रचलेले असतात. त्यांतला प्रत्येक आंबा गोड आहे, हे वाक्य खरं मानायचं, कारण आंबट निघालेला एकही तुम्ही दाखवू शकत नाही. मुलांना हे पटत नाही, पटेपर्यंत मीही सोडत नाही.

जिथे दोन्ही चिन्हं एकात एक अडकतात तिथे खरी परीक्षा. प्रत्येक होडीला एक तांडेल असतो, याचा अर्थ एकच तांडेल सगळ्या होड्या हाकतो असा नाही; क्रम बदलला की गाव बदललं. गेल्या वर्षी मी फळ्यावर लिहिलं: "प्रत्येक वाडीत अशी एक तरी विहीर आहे, जी मे महिन्यात आटत नाही." नकार लिहा. वर्गात फिरले. "एकाही वाडीत अशी विहीर नाही." "प्रत्येक वाडीतली प्रत्येक विहीर आटते." "एका वाडीतली एक विहीर आटते." मागच्या बाकावर एक मुलगी होती, सड्यावरच्या वाडीतून रोज दोन गाड्या बदलून येणारी, वर्गात फारशी न बोलणारी. तिच्या वहीत सुबक अक्षरात होतं: "अशी एक तरी वाडी आहे, जिथली प्रत्येक विहीर मे महिन्यात आटते." बाकीच्यांना दाखवायला म्हणून मी विचारलं, कसं सुचलं गं? ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ती आमचीच वाडी."

वर्गात कोणी हसलं नाही. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो की चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि तोच पाऊस जांभ्यातून वाहून जातो. मेमध्ये त्या वाडीत टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावून ठेवतात. तिची आई पहाटे तीनला उठते, हे मला नंतर कळलं. तालुक्याच्या कागदावर कुठेतरी "सर्व वाड्यांना पाणी" असं लिहिलेलं असेल, आणि ज्याने लिहिलं त्याने चांगल्या मनानेच लिहिलं असेल. ते वाक्य पाडायला ती एकटी मुलगी पुरेशी होती. तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले, पण ते देताना हात अडखळला, एवढं खरं. ज्याच्या घरात ते "एक तरी" राहतं त्याला नकार शिकवावा लागत नाही, आणि हे कळल्यावर आनंद व्हावा की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी पुन्हा घरी गेले. आढी तशीच, पेंढ्याचा तोच उबदार, किंचित आंबूस वास, पडवीच्या कौलांतून पडणारे उन्हाचे तुकडे. आप्पा पेटी भरत होते. मी सहज मोजले. पाच डझनांच्या पेटीत बासष्ट. म्हटलं, दोन जास्त गेले. "जास्त नाय गो," एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्राचे कपटे फळांच्या मधे खुपसत राहिले. दुपारी ठाण्याहून फोन आला, कोणाच्या तरी ओळखीतून. पाच पेट्या हव्या होत्या, लग्नघर होतं. भाव ठरला, गाडी ठरली. शेवटी पलीकडून विचारलं, "काका, एकही खराब निघणार नाही ना?"

मी दारात उभी होते. आप्पांनी फोन कानाला तसाच धरला होता, दुसरा हात पेटीतल्या वरच्या आंब्यावर. बाहेर काजूच्या झाडावर कावळा ओरडत होता. इतका वेळ गेला की पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करू लागला.

"निघेल," आप्पा म्हणाले, गिऱ्हाइकाशी बोलतात त्या जपून बोललेल्या मराठीत. "एखादा निघेलच."